परभणीहून ऐंशी अंश उत्तर अक्षांशावर: लहान जहाजातून स्वालबार्ड पाहायचं तर

स्वालबार्डहून आल्यापासून मला तीनच प्रश्न विचारले जातात. खर्च किती आला, जेवायचं काय केलं आणि अस्वल किती जवळून दिसलं. जहाजावर माणसं किती होती, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. खरं तर सगळी सहल त्याच एका आकड्यावर ठरते. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

आधी जागा नकाशावर बघून घ्या. नॉर्वेच्या मुख्य भूमीच्या उत्तरेला, उत्तर ध्रुवाच्या वाटेवर निम्म्यात, हा बेटांचा पुंजका आहे. क्षेत्रफळ सुमारे ६१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मराठवाड्यापेक्षा जरासं कमी. त्यातला निम्म्याहून जास्त भाग बर्फाखाली आणि राहणारी माणसं सगळी मिळून तीन हजारांच्या आत. गावं एकमेकांना रस्त्याने जोडलेली नाहीत. त्यामुळे उन्हाळ्यात किनारा पाहायचा तर जहाजाशिवाय इलाज नाही. गंमत म्हणजे पाऊस-बर्फ धरून तिथं लॉंगइयरबीन या मुख्य गावात वर्षाला २०० मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं. बीड-धाराशिवचा दुष्काळी पाऊससुद्धा त्याहून बरा म्हणायचा.

जहाज निवडताना

१ जानेवारी २०२५ पासून स्वालबार्डच्या संरक्षित क्षेत्रात २०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला जाता येत नाही आणि तिथं किनाऱ्यावर उतरायला ठरवून दिलेल्या ४३ जागाच आहेत. म्हणजे अवाढव्य क्रूझ जहाजं आपोआप बाद झाली. पण दोनशेच्या आतही फरक आहे. किनाऱ्यावर धक्का नसतो, रबरी बोटीतून उतरायचं असतं आणि एका बोटीत आठ-दहा जण बसतात. दीडशे प्रवाशांचं जहाज असेल तर पाळ्या लागतात: निम्मे किनाऱ्यावर, निम्मे खोलीत वाट बघत. पन्नासच्या आत असाल तर सगळे एकदमच उतरतात. किनाऱ्यावरचा वेळ थेट दुप्पट होतो.

मग बारा जणांची शिडाची बोटच का घेऊ नये? घ्या, पण तिचे भोग माहीत असू द्या. ती हलते फार, न्हाणीघर बहुधा सामायिक असतं आणि इतक्या लहान बोटीवर डॉक्टर सहसा नसतो. माझ्यासोबत आलेल्या ताईचं वय त्रेसष्ट, मला रक्तदाबाची गोळी, म्हणून आम्ही पन्नासेक प्रवाशांचं जहाज धरलं. पैसे वाचवायचे असतील तर खोलीत वाचवा. गोल खिडकीची खालच्या मजल्यावरची तिघांची खोली घ्या. दिवसभर तुम्ही डेकवरच असता आणि लाटांचा झोका खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यभागी, सगळ्यात कमी बसतो. बाल्कनीवाली महाग खोली घेऊन उलट्या करत बसलेली माणसं आम्ही पाहिली.

बुकिंगआधी ईमेलवर हे लेखी विचारा: प्रवासी किती, गाईड किती, सगळ्यांना एकाच वेळी उतरवता येतं का, डॉक्टर आहे का, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट जहाजावर मिळतात का, शाकाहारी जेवण रोज मिळेल का, इंधन महागलं तर वरचा भार कोणावर. यातल्या एखाद्या प्रश्नाला गोलमाल उत्तर आलं, तर ती कंपनी सोडून द्या. आर्क्टिकमध्ये जहाजं नेणाऱ्या कंपन्यांची एईसीओ नावाची संघटना २००३ पासून आहे. कंपनी तिची सदस्य आहे का, तेही बघा.

खर्चाचं एकदाच सांगून टाकते. नुसत्या जहाजाचेच माणशी चार-पाच हजार डॉलर धरा. त्याखाली क्वचितच मिळतं, वर तर आभाळच आहे. विमान, ऑस्लोतला मुक्काम, विमा आणि शेवटी कर्मचाऱ्यांची बक्षिशी वेगळी. परदेशी सहलीवर टीसीएस, म्हणजे सहल विकणाऱ्याने आधीच गोळा करायचा कर, कापला जातो. तो आयकर रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, म्हणून पॅन नीट जोडा आणि पावती जपून ठेवा.

महिना कोणता

मे-जूनमध्ये बर्फ भरपूर असतो, देखावा सुंदर, पण उत्तरेचे आणि पूर्वेचे बरेच मार्ग बंद असतात. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत बर्फ मागे हटतो आणि नशीब असेल तर मुख्य बेटाला पूर्ण फेरी मारता येते. सप्टेंबरात रात्र परत येते, उजेड सोनेरी होतो, पण पक्षी गेलेले असतात.

पक्ष्यांसाठी जाणार असाल तर ही गोष्ट गाठीला बांधा. हिनलोपन सामुद्रधुनीत आल्केफ्येलेट नावाचा काळ्या दगडाचा उभा कडा आहे. तिथं ब्रुनिख गिलेमॉट पक्ष्यांच्या सुमारे ६० हजार जोड्या वीण घालतात. पण ऑगस्टच्या मध्यापर्यंत पिल्लं उड्या टाकून समुद्रात उतरतात आणि कडा ओस पडतो. ऑगस्टच्या शेवटी स्वस्तात मिळतंय म्हणून गेलात, तर तिथं नुसता दगड आणि वास. आम्ही जुलैचा दुसरा पंधरवडा धरला.

एक जाता जाता. साधारण २० एप्रिल ते २२ ऑगस्ट तिथं सूर्य मावळत नाही. आमच्या मुक्कामात संकष्टी आली. ताई म्हणाली, "सूर्यच बुडत नाही, तर चंद्र कुठं शोधू?" शेवटी परभणीच्या चंद्रोदयाची वेळ धरली. नॉर्वेचं उन्हाळी घड्याळ आपल्या साडेतीन तास मागं, म्हणून बाईंनी संध्याकाळीच उपास सोडला. डोळ्यांवर बांधायची पट्टी मात्र विसरू नका, पडदे कितीही जाड असले तरी.

व्हिसा: आम्ही इथं पाय घसरून पडलो

स्वालबार्डला जायला व्हिसा लागत नाही. हे वाक्य इंटरनेटवर सगळीकडे आहे आणि ते खरंही आहे. पण विमान ऑस्लोहून जातं. ऑस्लो शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात येतं, स्वालबार्ड येत नाही. म्हणजे तुम्ही ऑस्लोत शिरता, तिथून शेंगेनच्या बाहेर पडता आणि परतताना पुन्हा शिरता. दोन प्रवेश झाले. आमच्या एजंटने अर्जात एकच प्रवेश लिहिला. पासपोर्ट घरी आल्यावर ताईने चष्मा लावून स्टिकर वाचला, तर प्रवेशांच्या रकान्यात 'एक'. तसेच गेलो असतो तर परतीला ऑस्लोच्या विमानतळावर अडकलो असतो. पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा देवगिरी एक्सप्रेसने मुंबई.

तेव्हा अर्ज स्वतः वाचा, दोन किंवा अनेक प्रवेश मागा आणि सोबत जहाजाचं बुकिंग व लॉंगइयरबीनचं विमान तिकीट जोडून दोन प्रवेश का लागतात ते चार ओळींत लिहा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उन्हाळ्याच्या गर्दीत तेवढा वेळ हाताशी असलेला बरा. प्रवास विमा किमान ३० हजार युरोचा लागतो. पण तो व्हिसापुरता. जहाजवाले त्याहून मोठा, हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च धरलेला विमा मागतात. आधीचे आजार विम्यात लिहा, लपवू नका.

घरच्या घरी तयारी

जिममध्ये जाऊ नका, रानात जा. स्वालबार्डचा किनारा म्हणजे सुटे दगड, मऊ शेवाळं आणि मधेच चिखल. गमबूट घालून नांगरलेल्या रानातल्या ढेकळांवर रोज अर्धा तास चाला. याहून चांगला सराव जगात नाही. आम्ही दोन महिने चाललो. गडी हसायचे, पण तिथं आमच्याहून तरुण मंडळी धडपडत असताना आम्ही दोघी ताठ होतो. दुसरा सराव, हात न टेकता जिना उतरण्याचा. जहाजाच्या कुशीला लावलेला जिना उभा असतो आणि खाली बोट वर-खाली होत असते.

दुर्बीण आठ बाय बेचाळीसची घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा पटीची मोह घालते, पण हाताची थरथरही दहा पट होते आणि पायाखाली डेक हलत असतो. दुर्बीण नवी कोरी घेऊन जहाजावर उघडू नका. आदल्या हिवाळ्यात पैठणला नाथसागरावर दोन-चार सकाळी घालवा. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, चक्रवाक आणि पट्टकदंब हंस तिथं हिवाळ्यात येतात. पाण्यावरचा ठिपका आधी नुसत्या डोळ्यांनी धरायचा, नजर न हलवता दुर्बीण वर आणायची. हे हाताला वळण लागायला महिना जातो. उडणाऱ्या नदी सुरय पक्ष्याच्या मागे दुर्बीण फिरवता आली, की तुम्ही तयार.

कपडे आणि शिधा

जुलैत तापमान पाच ते आठ अंश, बर्फाच्या कडेला शून्याजवळ. परभणीत डिसेंबरात पारा पाच-सहावर येतो तेव्हा आपण शेकोटी करतो, तेवढीच थंडी. पण वारा आणि रबरी बोटीचा वेग मिळून ती हाडात शिरते. एक जाड कोट घेण्यापेक्षा पातळ थर घाला: अंगालगत लोकरी बनियन-पायजमा, त्यावर फ्लीस, सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारं जाकीट. सुती बनियन नको, घामाने ओलं झालं की वाळत नाही. पाणी न शिरणारी विजार सगळ्यात महत्त्वाची. ती बुटाच्या बाहेरून सोडायची, आत खोचायची नाही, नाहीतर लाट थेट बुटात. हातमोजे दोन जोड, कारण एक जोड ओली होणारच. साडीचा हट्ट जहाजाच्या जेवणघरापुरता ठेवा.

आणि एक काम निघण्याआधी अंगणात बसून करा. जाकिटाचे खिसे, बॅगेचं वेलक्रो, बुटाच्या तळव्याच्या खाचा सुईने साफ करा. आपल्याकडची आघाड्याची, कुसळीची, गाजरगवताची बी कुठंही चिकटून बसते. परकं बियाणं तिथं पोचू नये म्हणून उतरण्याआधी जहाजावर हे सगळं तपासतात, व्हॅक्यूमने ओढतात. माझ्या पिशवीच्या शिवणीत गोखरूचा काटा निघाला, तो गाईडने कौतुकाने सगळ्यांना दाखवला.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहार आधी कळवलेला असेल तर उपाशी राहत नाही, फक्त चव सपक. कारळाची, जवसाची, शेंगदाण्याची कोरडी चटणी डब्यात न्या, थोडं येसर, म्हणजे भाजून दळलेलं मसाल्याचं पीठ, न्या. जहाजाच्या खानसाम्याने येसर घातलेलं सूप दोनदा मागून घेतलं. पेढे, खवा, दुधातली दशमी नेऊ नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून न्यायला बंदी आहे.

बोट लागण्याची गोळी लाटा सुरू झाल्यावर नाही, त्याआधी तासभर घ्यायची. एसटीच्या घाटात जी चालते ती इथंही चालते, फक्त आपल्या डॉक्टरांना विचारून. जोडीला आलेपाक, आणि नजर क्षितिजावर.

लॉंगइयरबीनमध्ये

जहाज सुटण्याच्या निदान एक दिवस आधी पोचा. ऑस्लोहून तीन तासांचं विमान आहे, सामान मागं राहिलं तर जहाज थांबत नाही. हॉटेलात शिरताना बूट दारात काढायचे, ही तिथली कोळसा खाणीच्या काळापासूनची रीत. ताईला गाव तिथंच आवडलं.

विमानतळाच्या वर डोंगरात जागतिक बियाणे कोठार आहे, २००८ साली सुरू झालेलं. आत जाता येत नाही, दारापर्यंत टॅक्सीने जाता येतं. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेने तिथं ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग यांची वाणं ठेवली आहेत. आपलं सगळं ताटच त्या बर्फाच्या डोंगरात बंद आहे. दाराशी उभं राहून आम्ही फोटो काढला, आमच्या मागं फक्त काँक्रीटची उभी पाचर दिसते. जहाज नी-ओलेसुनला थांबलं, तर भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्रही बाहेरून बघता येईल, तेही २००८ चंच. त्या गावात फोनचं वायफाय-ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं, वैज्ञानिक उपकरणांना अडथळा होतो म्हणून.

बोटीत बसणं, किनाऱ्यावर उतरणं

रबरी बोटीत चढताना खलाशाचा हात धरायचा नाही, मनगटाच्या वर कोपराखाली धरायचं आणि त्यानेही तुमचा तसाच धरायचा. घामेजला, ओला पंजा सुटतो, ही पकड सुटत नाही. दोन्ही हात मोकळे हवेत, कॅमेरा पाठीच्या पिशवीत. बोटीत उभं राहायचं नाही, कडेवर बसून सरकत पुढं जायचं.

उतरण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या. हे कुठल्याच माहितीपत्रकात ठळक लिहीत नाहीत. किनाऱ्यावर तीन तास सोय नसते, आडोसाही नसतो, झाड नावालाही नाही. चहा उतरण्याच्या आधी नको, परतल्यावर प्या.

किनाऱ्यावर गाईड बंदूक घेऊन पुढे-मागे असतात. अस्वलापासून बचावाला ती लागते. त्यामुळे घोळका सोडून "जरा पलीकडून बघून येते" हे चालत नाही. दगड, हाड, शिंग काही उचलायचं नाही. संरक्षित क्षेत्रात ड्रोनलाही बंदी आहे. समोर हिमनदी असेल तर पाण्याच्या काठाशी उभं राहू नका, कडा कोसळला की लाट किनाऱ्यावर चढते.

प्राणी बघताना

गाईड ओरडतो, "दोन वाजता अस्वल!" तेव्हा घड्याळ बघू नका. जहाजाचं नाक म्हणजे बारा वाजले, उजवी बाजू तीन, शेपूट सहा. पहिल्या दिवशी आमच्यातल्या निम्म्यांना हे ठाऊक नव्हतं आणि सगळे चुकीच्या कठड्याकडे धावले.

बर्फावर पांढरं काही शोधू नका, पिवळं शोधा. ध्रुवीय अस्वल ताज्या बर्फापुढे धुऊन धुऊन पिवळट पडलेल्या धोतरासारखं दिसतं. आता अंतराचं. अस्वलापासून किमान ३०० मीटर आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर लांब राहणं कायद्याने बंधनकारक आहे. जवळून काढलेले जुने फोटो जाहिरातीत अजून असतात, त्यावर जाऊ नका. "आम्ही जवळ नेतो" म्हणणारा एकतर खोटं बोलतो किंवा कायदा मोडतो.

वॉलरस, म्हणजे लांब सुळ्यांचा अवाढव्य समुद्री प्राणी, मात्र मन भरून दिसतो. १९५२ पासून त्याच्या शिकारीला बंदी आहे आणि तो हळूहळू परत आला. आम्हाला प्रिन्स कार्ल्स फोरलँड बेटाच्या पूलेपिंटेन टोकावर दिसला. वारा त्यांच्याकडून आपल्याकडे येईल अशा बाजूने, ओळीने, न बोलता जायचं. चार पावलं, थांबा. चार पावलं, थांबा. एकाने मान वर केली की सगळे जागेवर. बैलपोळ्याच्या आधी डोहात बसवलेल्या जनावरांसारखे ते एकमेकांवर रेलून पडलेले असतात, वास मात्र त्याहून उग्र.

आर्क्टिक सुरय जमिनीवरच अंडी घालतो आणि घरट्याजवळ गेलं की थेट डोक्यावर झेप घेतो. तो सगळ्यात उंच भागावर चोच मारतो, म्हणून काठी डोक्याच्या वर उभी धरा आणि आल्या वाटेने मागे फिरा. पैठणच्या सुरयाचा हा भाऊबंद, पण हिवाळ्यात अंटार्क्टिकाकडे जाणारा. रेनडियरच्या मागे जाऊ नका. खाली बसून राहा, तेच चरत चरत येतात.

अस्वलाची घोषणा रात्री कधीही होते, म्हणून झोपताना कपडे घालायच्या क्रमाने खुर्चीवर रचून ठेवा. आमची घोषणा पहाटे दोन-चाळीसला झाली. ऊन लख्ख होतं. मी पायात बूट अडकवेपर्यंत ताई कानटोपी घालून, दुर्बीण गळ्यात टाकून डेकवर पोचली होती. मादी आणि एक पिल्लू बर्फाच्या तुकड्यावरून तुकड्यावर जात होती. जहाजाने इंजिन बंद केलं. चाळीस मिनिटं कोणी बोललं नाही. दुर्बिणीतून पिल्लाचं मागे राहणं, पळत येऊन आईला गाठणं, सगळं स्वच्छ दिसलं.

मोबाईलमधल्या फोटोत ते साबुदाण्याएवढं आहे. घरी भाच्याने फोटो मोठा करून करून बघितला आणि म्हणाला, "मावशी, यात अस्वल कुठंय?" ताईने बोट ठेवून दाखवलं, "हे पिवळं. त्याच्या मागचं त्याहून बारीक, ते लेकरू."